हुजूर पक्षाच्या चौदा वर्षांचा उपरोधिक मृत्युलेख: लिहावा का, आणि मराठीत कसा लिहावा?

प्रश्न: मिडलँड्सकर, १४ सप्टेंबर २०२४

आमच्या शहरातील मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादन यंदा माझ्याकडे आले आहे. त्यातील एका लेखापाशी मी अडलो आहे, म्हणून प्रश्न सविस्तर मांडतो.

४ जुलैच्या निवडणुकीत ब्रिटनमधील हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाची १४ वर्षांची सत्ता संपली. ६५० पैकी अवघ्या १२१ जागा त्यांना मिळाल्या आणि लिझ ट्रस यांच्यासारख्या माजी पंतप्रधानही स्वतःच्या मतदारसंघात ६३० मतांनी पडल्या. निकालानंतर माझ्या कार्यालयातले काही इंग्रज सहकारी काळे टाय लावून आले होते आणि त्यांनी जेवणाच्या सुटीत त्या राजवटीला 'श्रद्धांजली' वाहिली. त्यातूनच मला कल्पना सुचली आणि मी दिवाळी अंकासाठी एक मृत्युलेख लिहिला. जन्म ११ मे २०१० रोजी, डेव्हिड कॅमरन यांच्या हस्ते. एकूण पाच पंतप्रधानांच्या मांडीवर वाढ. त्यांतील एकीचा कार्यकाळ ४९ दिवसांचा. निधन ५ जुलै २०२४ रोजी पहाटे. मागे मोठा आप्तपरिवार आणि त्याहून मोठे कर्ज. असा त्याचा साधारण नूर होता.

मसुदा मंडळातील एका ज्येष्ठ काकांना वाचायला दिला. काका १९७० च्या दशकात इथे आले. तेव्हाच्या हुजूर पंतप्रधान थॅचर यांच्या १९८० च्या कायद्यामुळे भाडेकरूंना नगरपालिकेची घरे विकत घेता येऊ लागली, तेव्हा त्यांनी आपले पहिले घर घेतले आणि तेव्हापासून आजतागायत त्यांचे मत हुजूर पक्षाला आहे. जानेवारी २०२१ मध्ये काकू कोविडने गेल्या. इंग्लंडमध्ये त्या वेळी अंत्यविधीला ३० जणांची मर्यादा होती, मुलगी भारतातून येऊ शकली नाही, आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवायलासुद्धा कोणी जवळ येऊ शकत नव्हते. मसुदा परत देताना ते एवढेच म्हणाले, "ज्या घरात खरे सुतक होऊन गेले आहे, तिथे हे खोटे सुतक कशाला पाठवता?"

मी तेव्हापासून अस्वस्थ आहे. या राजवटीबद्दल माझा राग खरा आहे आणि तो मला लिहायचा आहे, पण काकांचे म्हणणेही मला टाळता येत नाही. मरणाचा साज राजकीय उपहासाला चढवणे आपल्याकडे शोभते का? 'मरणान्तानि वैराणि', म्हणजे वैर मरणापाशी संपते, असे म्हणणाऱ्या परंपरेत त्याला जागा आहे का? असेल, तर तो केवळ इंग्रजी विनोदाची नक्कल न होता मराठी कसा होईल?

उत्तर: यॉर्कशायरचा निवृत्त डॉक्टर, १४ सप्टेंबर २०२४

मिडलँड्सकर, तुमच्या काकांचे वाक्य मी दोनदा वाचले. ते बाजूला ठेवून तुम्ही लेख छापू नये असे मला वाटते, पण त्या वाक्यामुळे लेख रद्दही करू नये.

मी खाणकामगारांच्या पट्ट्यात अनेक वर्षे रुग्ण तपासले आहेत. खाणी बंद करण्याच्या थॅचर सरकारच्या धोरणाविरुद्ध १९८४ च्या मार्चपासून १९८५ च्या मार्चपर्यंत चाललेला संप मी डोळ्यांनी पाहिला आहे. बार्न्सलीजवळच्या गोल्डथॉर्प गावात त्या नोव्हेंबरमध्ये दोन किशोरवयीन भाऊ घर तापवण्यासाठी कोळसा वेचत असताना मातीचा ढिगारा कोसळून गेले. पुढे खाणी बंद झाल्या, तरुण बाहेर पडले, आणि दम्याच्या व नैराश्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या मी पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांसाठी लिहीत राहिलो. १७ एप्रिल २०१३ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये मार्गारेट थॅचर यांचा अंत्यविधी लष्करी इतमामात चालू होता, त्याच दिवशी गोल्डथॉर्पच्या लोकांनी त्यांचा पुतळा शवपेटीत घालून गावातून नेला आणि जाळला. वर्तमानपत्रांनी त्याला असभ्यपणा म्हटले. मला स्वतःला ते दृश्य आवडले नाही, कारण एका खऱ्या वृद्ध स्त्रीचा मृतदेह त्या क्षणी खऱ्या शवपेटीत होता आणि तिची मुले-नातवंडे तिथे उभी होती. तरीही मी त्या गावाला दोष देऊ शकलो नाही. त्यांच्या खाणीचे, त्यांच्या रस्त्यावरच्या दुकानांचे, त्यांच्या मुलांच्या भवितव्याचे जे मरण झाले, त्याला कधी कोणी अंत्ययात्रा दिली नव्हती, आणि ती राहून गेलेली अंत्ययात्राच त्या दिवशी निघाली होती.

म्हणून माझ्या दृष्टीने पहिली कसोटी अशी आहे की उपरोधिक शोकाच्या खाली खरा शोक असला पाहिजे. तो नसेल तर उरतो तो निव्वळ खिदळाट. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'डेली स्टार' या दैनिकाने लिझ ट्रस यांच्या छायाचित्राशेजारी लेट्यूसचा गड्डा ठेवून आधी कोण सुकते याचे थेट प्रक्षेपण केले, आणि २० ऑक्टोबरला त्यांनी राजीनामा जाहीर केला तेव्हा गड्डा जिंकला. सारा देश हसला, मीही हसलो. पण ट्रस सरकारच्या २३ सप्टेंबरच्या अर्थसंकल्पी घोषणेनंतर पौंड डॉलरच्या तुलनेत १.०३ च्या आसपास घसरला होता, बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे विकत घ्यायला बाजारात उतरावे लागले होते आणि ठरावीक दराच्या नव्या गृहकर्जांचे व्याज सहा टक्क्यांच्या वर गेले होते. ज्या परिचारिकेचा हप्ता त्या महिन्यात नव्याने ठरला, तिच्यासाठी त्या गड्ड्यात काहीच नव्हते. तुमच्या मसुद्यातील 'पाच पंतप्रधानांच्या मांडीवर' हे वाक्य मला गड्ड्याच्या जातीचे वाटते. ते चुरचुरीत आहे, पण त्यात कोणाचेच काही गेलेले नाही.

इंग्रजी उपरोधिक मृत्युलेखाची सर्वांत टिकाऊ मिसाल क्रिकेटमधली आहे आणि ती मराठी वाचकाला सांगायला हरकत नाही. ऑगस्ट १८८२ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला सात धावांनी हरवले, तेव्हा 'स्पोर्टिंग टाइम्स'मध्ये इंग्लिश क्रिकेटच्या निधनाची छोटीशी सूचना आली. शोकाकुल मित्रपरिवार मोठा आहे, देहाचे दहन होईल आणि रक्षा ऑस्ट्रेलियाला नेली जाईल, असे तीत होते. दहन त्या काळी ब्रिटनमध्ये रूढही नव्हते, त्यामुळे ते वाक्य वाचकाला अधिकच टोचले असणार. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचे 'अॅशेस', म्हणजे रक्षा, हे नाव तिथून आले. त्या सूचनेत एकाही खेळाडूची टिंगल नाही. जिच्यावर लिहिणाऱ्याचे प्रेम होते अशा गोष्टीच्या अपमानाचे दुःख तिथे कोरड्या सरकारी भाषेत मांडले आहे, आणि मला वाटते म्हणूनच ती १४० वर्षे टिकली.

थॅचर व्यक्ती होत्या. २०२४ मध्ये जे संपले ती सत्ता होती, तिला नातेवाईक नाहीत, त्यामुळे 'मरणान्तानि वैराणि' हे वचन इथे आडवे येत नाही. ते रामाने बिभीषणाला रावणाच्या मृतदेहासमोर सांगितले होते, लंकेच्या राज्यकारभाराबद्दल नव्हे.

उत्तर: नागपूरकर, १५ सप्टेंबर २०२४

डॉक्टरांनी शोकाचा भाग सांगितला, मी रूपाबद्दल लिहितो. मरणाचा साज राजकीय उपहासाला चढवणे आपल्याकडे परके मुळीच नाही, आणि इंग्रजांकडून ते शिकण्याची गरजही नाही.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी अशा दोन मारबती १८८० च्या दशकापासून निघत आल्या आहेत. काळी मारबत भोसले घराण्यातील बांकाबाईंनी इंग्रजांना साथ दिल्याच्या रागातून सुरू झाली असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि पिवळी मारबत रोगराई व संकटे शहराबाहेर नेते असे मानतात. त्यांच्यासोबत बडगे असतात, म्हणजे त्या त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, पुढारी, साथीचे आजार यांवर कागदी पाट्या लावलेले बडगे जुन्या शहरातून फिरतात, लोक 'घेऊन जा गे मारबत' असे ओरडतात, आणि शेवटी सगळे जाळले जाते. मी लहानपणापासून ही मिरवणूक पाहतो आहे आणि तिच्यात एक नियम मला नेहमी जाणवला आहे. बडग्यावर जे लिहिलेले असते ते नेमके असते. 'वाईट सरकार घेऊन जा' असे कोणी लिहीत नाही. कुठल्या वस्तूचा भाव, कुठला रस्ता, कुठली योजना, ते नाव घेऊन लिहितात. कोकणात शिमग्याला ज्याच्या नावाने बोंब मारतात त्याचेही गाऱ्हाणे असेच नेमके असते.

तेव्हा तुमचा लेख मराठी करायचा असेल तर 'कै.' लावून इंग्रजी मृत्युलेखाचा साचा भरण्यापेक्षा आपल्या विधींकडे पाहा. तिरडी, मडके, सुतक, दहावा, तेरावा, यांतील प्रत्येक विधीला एक अर्थ आहे आणि तो वाचकाच्या अंगात मुरलेला आहे. माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रसंग दहाव्याचा आहे. पिंडाला कावळा शिवत नाही, मग घरातले एकेक जण पुढे होऊन गेलेल्याची इच्छा पूर्ण करण्याचे वचन देतात, आणि योग्य वचन मिळाले की कावळा शिवतो. आता विचार करा की हुजूर राजवटीच्या पिंडापाशी कोण कोण उभे राहील आणि काय वचन देईल. एक म्हणेल कर कमी करू, दुसरा म्हणेल बोटींतून येणाऱ्या आश्रयार्थींना आफ्रिकेतील रवांडाला पाठवू, तिसरा म्हणेल युरोपशी पुन्हा भांडू. कावळा येत नाही. या प्रसंगात तुम्हाला कोणाची टिंगल करावी लागत नाही. जी वचने त्या राजवटीने स्वतः दिली होती तीच पुन्हा म्हणायची आहेत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. विधी लिहिताना त्याची चेष्टा होऊ देऊ नये. ज्या काकांनी खरा दहावा केला आहे त्यांना तो विधी तुमच्या लेखातही तसाच्या तसा दिसला पाहिजे, त्यातला भटजी विदूषक होता कामा नये आणि कावळाही.

उत्तर: रात्रपाळी, १५ सप्टेंबर २०२४

मी वृद्धांच्या निवासात काळजीवाहक म्हणून काम करते आणि कोल्हापूरहून इथे आले आहे, म्हणून माझेही गाऱ्हाणे बडग्यावर लिहावे अशी विनंती आहे. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या काळजीवाहकांवर नवरा-बायको वा मुले सोबत आणण्याची बंदी आली. फेब्रुवारीपासून व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार माणशी वर्षाला ६२४ पौंडांवरून १,०३५ पौंडांवर गेला. एप्रिलमध्ये जोडीदाराला बोलावण्यासाठी लागणारी उत्पन्नाची अट १८,६०० वरून २९,००० पौंड झाली. माझ्यानंतर आलेल्या माझ्या मैत्रिणीचा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि तो तिला फोनवरच ओळखतो.

तुमच्या काकांचा मला राग येत नाही. २०२२ च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, ऋषी सुनक यांची निवड झाली, तेव्हा आमच्या निवासातील एका गुजराती आजींनी मला पेढा दिला होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. पद सोडताना सुनक यांनी आपल्या मुलींनी डाउनिंग स्ट्रीटच्या, म्हणजे पंतप्रधानांच्या निवासाच्या, पायऱ्यांवर दिवे लावल्याचा उल्लेख केला, तेव्हा मलाही भरून आले. त्याच सरकारने माझ्या मैत्रिणीचे मूल तिच्यापासून लांब ठेवले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तुमच्या लेखात दोन्ही असाव्यात असे मला वाटते.

उत्तर: जुना वाचनालयवाला, १६ सप्टेंबर २०२४

सर्वांचे वाचले. मला एक मूलभूत अडचण दिसते, ती अशी की ज्याचा मृत्युलेख लिहिला जातो आहे ते खरेच गेले आहे का, हे कोणी तपासलेले नाही.

मजूर पक्षाला ४११ जागा मिळाल्या, पण मते ३३.७ टक्के. हुजूर पक्षाची २३.७ आणि त्याहून उजव्या रिफॉर्म पक्षाची १४.३ मिळून ३८ टक्के होतात. जागा गेल्या, मतदार कुठेही गेलेला नाही, तो फक्त दोन घरांत वाटला गेला आहे. लेस्टर ईस्टची जागा तर हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून जिंकून घेतली आणि तिथे भारतीय वंशाचा मतदार मोठा आहे. तिसऱ्या अपत्यापासून मुलांसाठीची मदत नाकारणारा २०१७ चा नियम नव्या सरकारने सप्टेंबर २०२४ पर्यंत काढलेला नव्हता. उलट तो काढण्याच्या बाजूने मत देणाऱ्या सात मजूर खासदारांना जुलैमध्ये पक्षाच्या संसदीय गटातून निलंबित केले गेले. ट्रसेल ट्रस्ट या संस्थेच्या, गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या अन्नपेढ्यांतून २०१०-११ मध्ये सुमारे ६१,००० शिधापेट्या वाटल्या गेल्या होत्या आणि २०२३-२४ मध्ये ३१ लाखांहून अधिक. ती रांग ५ जुलैच्या सकाळी विरघळली नाही.

जिवंत माणसाच्या मरणाची बातमी उठली की त्याचे आयुष्य वाढते असे आपल्याकडे म्हणतात. १९९७ मध्ये हुजूर पक्ष १६५ जागांवर आला, तेव्हाही तो संपल्याचे लेख मी याच देशात वाचले होते, आणि १३ वर्षांनी तो परत आला. तुम्ही मृत्युलेख लिहिलात तर वाचकाला सुटका झाल्यासारखे वाटेल, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

प्रश्नकर्त्याचा खुलासा: मिडलँड्सकर, २२ सप्टेंबर २०२४

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर मसुदा पुन्हा लिहिला आणि काल तो घेऊन काकांकडे गेलो.

डॉक्टरांच्या सांगण्यानुसार पाच पंतप्रधानांचे वाक्य काढले. नागपूरकरांनी सुचवलेला दहाव्याचा प्रसंग आता लेखाचा कणा आहे, आणि रात्रपाळी यांनी दिलेले तिन्ही आकडे त्यात आहेत. त्यांच्या मैत्रिणीचा उल्लेख ओळख पटणार नाही असा केला आहे. सुनक यांच्या निवडीच्या दिवशीचा पेढाही आहे, कारण तो वगळला असता तर लेख खोटा ठरला असता.

नव्या मसुद्यात मी कोविडचाही एक परिच्छेद घातला होता. संसदेसमोर टेम्सच्या पलीकडच्या भिंतीवर गेलेल्यांच्या नावाने रंगवलेली दोन लाखांहून अधिक लाल हृदये, १७ एप्रिल २०२१ रोजी पतीच्या अंत्यविधीत एकट्या बसलेल्या राणी, आणि त्याच्या आदल्या रात्री डाउनिंग स्ट्रीटमध्ये झालेल्या मेजवान्या, हे सारे त्यात होते. काकांनी तो परिच्छेद बराच वेळ वाचला. मग म्हणाले की यातले एकही वाक्य खोटे नाही, पण हे कावळ्याच्या पानावर नको. या मेजवान्यांची बातमी जानेवारी २०२२ मध्ये फुटली तेव्हा त्यांनी पक्षाच्या स्थानिक शाखेला पत्र लिहून विचारले होते की माझ्या बायकोच्या वेळी जो नियम होता तो तुमच्यासाठी वेगळा होता का. उत्तर आले नव्हते. हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितले. तो परिच्छेद आता उपरोधिक लेखातून काढून स्वतंत्र पानावर घेतला आहे. त्याखाली आमच्या मंडळातील गेलेल्या सात जणांची नावे कुटुंबीयांच्या परवानगीने येतील, आणि पहिले नाव काकूंचे असेल.

वाचनालयवाल्यांची शंका मी काकांना वाचून दाखवली आणि विचारले की शेवटी कावळा कोणत्या वचनावर शिवतो असे दाखवू. मला वाटले होते की आयुष्यभर त्या पक्षाला मत दिलेले काका काहीतरी मृदू सुचवतील. त्यांनी मसुद्याच्या शेवटच्या चार ओळींवर काट मारली आणि बाजूला आपल्या अक्षरात लिहिले: कावळा शिवत नाही, दुपार होते, मंडळींना घरी जायचे असते, तेव्हा दर्भाचा कावळा करून शिवून घेतात.

लेख त्या ओळीवर संपतो. छपाईसाठी अंक ५ ऑक्टोबरला जाईल.